दोन लिपींची मुलगी आणि कॉग्निटिव्ह सायन्स

गेल्या वर्षी रमजानच्या आधी एका रात्री साडेदहाला धाकट्या भावाचा फोन आला. दुकान बंद करून, हिशेब मिटवून लवकर झोपणारा माणूस तो. एवढ्या उशिरा फोन म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मला लगेच कळलं.

"आपा, पोरीनं एक फॉर्म भरलाय. एम.एस्सी.चा. ही करतेय बी.ए. आता बी.ए.वालीला एम.एस्सी.ला कोण घेतं? कुणी फसवत तर नाही ना तिला?"

विषय कोणता म्हणून विचारलं, तर त्याला नाव धड सांगता येईना. मागून भाची ओरडली, "फुफू, कॉग्निटिव्ह सायन्स!" मग भाऊ आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे ही पागलखान्याची डॉक्टर होणार का?"

त्याला हसावं की समजवावं, मला सुचेना. कारण मलाही नीटसं ठाऊक नव्हतं. शब्द तेवढा ओळखीचा होता. बी.एड.ला आम्ही ब्लूमसाहेबांचं वर्गीकरण घोकलं होतं. त्यांचं ते पुस्तक १९५६ सालचं. त्यातल्या 'कॉग्निटिव्ह' क्षेत्राला मराठी पुस्तकात 'बोधात्मक' म्हटलेलं होतं आणि माझ्या उर्दू मैत्रिणींच्या नोट्समध्ये 'वुकूफी'. हा वुकूफ शब्द मला फार आवडतो. हाजी लोक अरफातच्या मैदानात जे थांबतात, उभे राहतात, तोही वुकूफ. आणि जाण, भान, समज यालाही वुकूफच म्हणतात. ज्याला ती नाही तो बेवकूफ. वर्गात आपण किती सहज वापरतो हा शब्द! मी स्वतः तो एका मुलासाठी वर्षभर वापरला. त्याची गोष्ट पुढे सांगते.

त्या रविवारी मी सोलापूरला भावाकडे गेले. जाण्याआधी चार दिवस शाळा सुटल्यावर बसून या विषयाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. भाचीची बाजू घ्यायची की भावाची, ते अजून ठरलं नव्हतं.

कॉग्निटिव्ह सायन्स म्हणजे माणसाची समज चालते कशी, याचा अभ्यास. मराठीत त्याला बोधनविज्ञान किंवा संज्ञानात्मक विज्ञान म्हणतात, पण मुलांच्या तोंडी इंग्रजी नावच आहे, म्हणून मीही तेच वापरते. हे एकट्या मानसशास्त्राचं काम नाही. साधं उदाहरण घ्या. पहिलीतलं मूल 'किताब' हा शब्द वाचतं. त्याच्या डोळ्यांतून मेंदूपर्यंत काय गेलं, हे मेंदूविज्ञान सांगणार. त्या खुणा लक्षात कशा राहिल्या, हे मानसशास्त्र. त्या खुणांचा आवाजाशी काय संबंध, हे भाषाशास्त्र. संगणकाला असंच वाचायला शिकवता येईल का, हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न. ज्या घरात पुस्तकच नाही तिथलं मूल आणि पुस्तकांच्या घरातलं मूल यांत काय फरक, हे मानववंशशास्त्र विचारतं. आणि 'समजलं' म्हणजे नेमकं काय झालं, हा तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न आहेच. ही सहा शास्त्रं एका छताखाली आली. १९५६च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत एमआयटी या संस्थेत एक परिसंवाद झाला. तिथे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर, भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की, आणि संगणकाकडून तर्कशास्त्राचे सिद्धान्त सोडवून घेणारे न्यूवेल आणि सायमन हे सगळे बोलले. मिलर पुढे म्हणत की या शास्त्राचा जन्मदिवस ११ सप्टेंबर १९५६. म्हणजे ब्लूमचं पुस्तक आलं त्याच वर्षी! आम्हाला बी.एड.ला एक शिकवलं, दुसऱ्याचं नावही सांगितलं नाही. या विषयाचा स्वतंत्र विभाग मात्र उशिरा निघाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या शाखेत, १९८६ साली.

आपल्या देशात अलाहाबाद विद्यापीठात २००२ साली याचं केंद्र सुरू झालं. शहराचं नाव बदललं, विद्यापीठाचं तेच आहे. हैदराबाद विद्यापीठातही केंद्र आहे, तिथे मेंदूच्या अभ्यासाची बाजू भक्कम. गांधीनगर आणि दिल्लीच्या आयआयटीत या विषयाची एम.एस्सी. आहे, कानपूरच्या आयआयटीत तर स्वतंत्र विभागच आहे. भावाच्या मुख्य शंकेचं उत्तर इथेच मिळालं. गांधीनगर आणि दिल्ली या दोन्ही ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो. बी.ए., बी.कॉम., इंजिनिअर, डॉक्टर, सगळे एका बाकावर. पोरीला कुणी फसवत नव्हतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर भाचीनं दस्तरखान उचललं आणि त्याच जागी चार रंगांची स्केचपेनं आणि कागद मांडले. कागदावर तिनं देवनागरीत रंगांची नावं लिहिली, पण उलटी. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, 'निळा' पिवळ्या शाईत, असं. म्हणाली, "अब्बा, शब्द वाचायचा नाही. शाईचा रंग कोणता ते भराभर सांगायचं." माझा भाऊ दिवसभर कापडाचे रंग ओळखणारा माणूस. तोही तिसऱ्या शब्दाला अडखळला. हिरव्या शाईला 'लाल' म्हणून गेला. मग मी अडखळले. शेजारची मुलं हसत हसत अडखळली. स्ट्रूप नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९३५ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्याला वाचता येतं त्याला वाचण्यापासून स्वतःला थांबवता येत नाही, डोळा पडला की शब्द वाचलाच जातो, हे त्यातून दिसतं. घरी करून बघा, खर्च काही नाही.

मग अम्मीची पाळी आली. अम्मी, म्हणजे भाचीची दादी, शाळेत गेलेली नाही. देवनागरी तिला येत नाही. तिनं सगळे रंग धडाधड बरोबर सांगितले आणि विजयी मुद्रेनं आमच्याकडे बघितलं. "शिकलेले सगळे हरले," ती म्हणाली. भाचीला काय वाटलं कोण जाणे, तिनं नवा कागद घेतला आणि तेच शब्द उर्दू अक्षरांत लिहिले, कुराणात असतात तशा झेर-झबर लावून. लाल, नीला, हरा. अम्मी दररोज फजरनंतर कुराण वाचते. नाझिरा म्हणतात तसं, अक्षरं जोडून, उच्चारून, अर्थ कळत नसताना. यावेळी ती पहिल्याच 'लाल'ला थांबली. शाई निळी होती. ओठ 'ला' म्हणायला लागले होते. भाची माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे.

त्या थांबण्यामुळे मी तिची बाजू घेतली, असं म्हटलं तरी चालेल.

आपली मुलं दोन-तीन लिपींत वाढतात. सकाळी मकतबमध्ये अरबी, शाळेत उर्दू आणि मराठी, वर इंग्रजी. पालक म्हणतात, मुलाचा गोंधळ होतो. काही शिक्षकही म्हणतात. पण ज्या गोष्टीला आपण अडचण म्हणतो, तीच या शास्त्रात अभ्यासाची वस्तू आहे, आणि ती आपल्या घरात फुकट पडलेली आहे. इंग्लंडमध्ये उर्दू आणि इंग्रजी दोन्ही सफाईनं वाचणाऱ्यांवर एक अभ्यास झाला, २०१४ साली प्रसिद्ध झाला. वाचताना आपली नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते. दोन उड्यांच्या मध्ये ती सेकंदाचा साधारण पाव भाग एका जागी थांबते, आणि थांबलेली असताना पुढचा थोडा मजकूरही टिपते. इंग्रजी वाचताना ती उजवीकडचं जास्त टिपते. तोच माणूस उर्दू वाचायला लागला की डावीकडचं जास्त टिपते. डोळे तेच, मेंदू तोच, लिपी बदलली की लक्षाची दिशा फिरते. आपल्या आठवीतल्या पोरी दिवसातून दहा वेळा हे करतात आणि त्यांना कुणी शाबासकीही देत नाही!

हिंदी आणि उर्दूचं तर आणखी मजेदार आहे. बोलायला दोन्ही जवळजवळ एक, लिहायला अगदी वेगळ्या. चैत्रा राव, ज्योत्स्ना वैद, अलाहाबादचे नारायणन श्रीनिवासन आदींनी दोन्ही लिपी येणाऱ्या लोकांना शब्द वाचायला दिले. त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तीच माणसं हिंदी शब्द लवकर वाचत, उर्दू शब्दाला जास्त वेळ घेत. कारण उघड आहे. देवनागरीत बहुतेक स्वर लिहिलेले असतात, उर्दूत झेर-झबर-पेश सहसा गाळलेले असतात आणि वाचणाऱ्यानं संदर्भावरून ते भरायचे असतात. शिवाय एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं दिसतं. म्हणजे उर्दू वाचणारं मूल हळू वाचत असेल, तर ते जास्त काम करत असतं.

देवनागरीही अगदी निर्दोष नाही बरं. ऱ्हस्व इकार आपण अक्षराच्या आधी लिहितो आणि नंतर उच्चारतो. वैद आणि गुप्ता यांनी २००२ साली दाखवलं की हिंदी वाचणाऱ्यांचा अशा शब्दांत किंचित जास्त वेळ जातो. पहिलीत 'किती' लिहिताना मुलं आधी 'क' काढून मग मागे जाऊन वेलांटी देतात, हे मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकीनं पाहिलेलं आहे.

हे वाचत असताना मला एक नाव पुन्हा भेटलं. आपल्या कार्यक्रमांत भाषण करणारे इब्न अल-हैसमचं नाव घेतात. बसऱ्याला इसवी सन ९६५च्या सुमाराला जन्म, आयुष्याचा मोठा काळ कैरोत, प्रकाशावरचा 'किताबुल मनाझिर' हा मोठा ग्रंथ. टाळ्या पडतात आणि भाषण तिथेच संपतं. त्या ग्रंथात लिहिलंय काय, हे कुणी सांगत नाही. त्यात फक्त किरण आणि आरसे नाहीत. नुसतं दिसणं वेगळं आणि दिसलेलं ओळखणं वेगळं, असं तो म्हणतो, आणि ओळखण्यात मन इतक्या झपाट्यानं निष्कर्ष काढतं की आपण निष्कर्ष काढला हे आपल्यालाच कळत नाही. याचं उदाहरण म्हणून तो वाचनच घेतो. 'अबजद' हा शब्द लिहिलेला दिसला, की साक्षर माणूस अलिफ, बे, जीम, दाल असं एकेक तपासत बसत नाही. आकार ओळखीचा असल्यामुळे पाहताक्षणी 'अबजद' म्हणतो. हजार वर्षांपूर्वी! आज नजर टिपणारं यंत्र लावून जो प्रश्न विचारतात, तोच प्रश्न. ज्या समाजाच्या ग्रंथाच्या पहिल्या प्रकटीकरणात वाचण्याची आज्ञा आणि लेखणीचा उल्लेख आहे, त्या समाजातल्या एका माणसाला वाचन म्हणजे काय हा प्रश्न पडला, यात मला तरी नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं, की नंतर आपण तो प्रश्न दुसऱ्यांवर सोपवून दिला आणि नाव तेवढं आपल्याकडे ठेवलं.

आता त्या मुलाबद्दल.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. गणित तोंडी विचारलं तर सगळ्यांच्या आधी उत्तर. सायकलची चेन बसवण्यात पटाईत. नात म्हणायचा तर वर्ग शांत व्हायचा. पण पुस्तक समोर धरलं की तो घामाघूम. बे, पे, ते, से यांत फरक फक्त नुक्त्यांचा. त्याचे नुक्ते कुठेही पडायचे. मराठीतही तीच गत, 'सकर' लिहायचा आणि 'सरक' वाचायचा. मला वाटायचं, आळशीपणा. मी त्याला दहा-दहा वेळा लिहायला लावलं, बाकावर उभं केलं, आणि बेवकूफ म्हटलं. एकदा नाही, वर्षभर. सातवीनंतर तो शाळेत आला नाही. आज तो गॅरेज चालवतो. कमाई बरी आहे आणि मला बघितलं की आदबीनं सलाम करतो. तो सलाम घेताना मला खाली बघावंसं वाटतं.

डिस्लेक्सिया हा शब्द तेव्हाही होता. आमच्यापर्यंत आला नव्हता. अशा मुलांची बुद्धी कमी नसते. अक्षर आणि आवाज यांची सांगड घालण्यात त्यांच्या मेंदूला जास्त कष्ट पडतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अध्ययन अक्षमता आता नोंदलेली आहे आणि आपल्या राज्यात दहावी-बारावीला अशा मुलांना सवलती मिळतात. पण आधी ओळखायला तर हवं. इंग्रजीतल्या चाचण्या आपल्या मुलाला लावून उपयोग नाही, कारण लिपीप्रमाणे अडचण बदलते. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे नंदिनी चटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाचा चाचणीसंच तयार केला, २०१५ साली तो बाहेर आला. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी, या चार भाषांत. मराठी आहे हे वाचून मला खूप बरं वाटलं. त्या पहिल्या चारांत उर्दू नाही, हे बघून पुस्तक मिटून ठेवलं. नुक्ते कुठेही पडणाऱ्या मुलाची चाचणी कोण बनवणार? ज्याला नुक्ते म्हणजे काय हे ठाऊक आहे आणि चाचणी कशी बनवतात हेही ठाऊक आहे, तोच ना? असा माणूस आपल्या घरातूनच तयार व्हायला लागेल.

म्हणून मी भावाला म्हटलं, जाऊ दे तिला.

पण उत्साहात सगळं चांगलंच सांगायचं, असं मी करणार नाही. ज्या पालकांची मुलं या वाटेचा विचार करतील, त्यांनी काही गोष्टी आधी ऐकून ठेवाव्यात. पहिली म्हणजे ही पदवी घेऊन कुणी डॉक्टर किंवा रुग्ण तपासणारा मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला वेगळा अभ्यासक्रम लागतो. 'मेंदूचं शिक्षण' म्हणून सांगणारा दलाल भेटला तर त्याला हे विचारा. दुसरी गोष्ट गणिताची. दोन वर्षांत मुलांना प्रयोग आखायला शिकवतात, सांख्यिकी शिकवतात, संगणकाची भाषा शिकवतात. माझी भाची दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, अकरावीला तिनं गणित सोडलं. पहिल्या सत्रात ती सांख्यिकीत जेमतेम निघाली. नोव्हेंबरमध्ये रोज रात्री फोन करायची, रडायची, अम्मी दुआ करायची आणि भाऊ मला म्हणायचा, "बघा आपा, तुमच्या नादानं!" तिच्याबरोबर इंजिनिअर झालेली मुलं होती, त्यांना संगणकाचं काहीच वाटायचं नाही. मग एक गंमत झाली. भाषेचा पेपर आला. एकाच भाषेच्या दोन लिपी, उधार आलेले शब्द, उच्चार न होणारी अक्षरं, हे सगळं तिला तोंडपाठ. 'ऐन' आणि 'अलिफ' आपण सारखेच उच्चारतो तरी वेगळे का लिहितो, हे तिनं वर्गाला समजावलं. त्यानंतर त्या इंजिनिअर मुलांनी तिला पायथन शिकवलं आणि तिनं त्यांना उर्दू. हिशेब बरोबरीत सुटला.

पैशांचं स्पष्ट सांगते. सरकारी विद्यापीठात एम.एस्सी.ची फी खासगी बी.एड. कॉलेजाच्या मानानं पेलवण्यासारखी असते, वसतिगृह आणि मेस धरूनही. अडचण पुढे पीएच.डी.ला येते. अल्पसंख्याक मुलांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती, ती केंद्र सरकारनं २०२२-२३पासून बंद केली. अनेक घरांचा तो आधार होता. आता राहिली ती सगळ्यांसाठी असलेली स्पर्धा. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. या विषयाची मुलं मानसशास्त्र किंवा भाषाशास्त्र घेऊन नेटला बसतात, आणि २०२१पासून गेट परीक्षेतही मानसशास्त्राचा पर्याय आला आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची याच विषयासाठी २००८पासून एक योजना आहे, त्यातून प्रकल्पांना पैसा मिळतो.

नोकरी? आपल्या जिल्ह्याच्या कॉलेजात या नावाची जागा शोधून सापडणार नाही. संगणक आणि मोबाइलचे कार्यक्रम बनवणाऱ्या कंपन्या वापरणाऱ्याला काय समजतं, कुठे अडतं, हे तपासायला अशी माणसं घेतात. शिक्षणसाहित्य बनवणाऱ्या संस्था घेतात. बोलणं ओळखणारी यंत्रं बनवणारे घेतात. बाकीचे संशोधनात जातात. ज्याला तीन वर्षांत घर चालवायचंच आहे, त्याच्यासाठी ही वाट नाही, हे मी माझ्याच एका विद्यार्थ्याच्या वडिलांना तोंडावर सांगितलं. त्याला वाईट वाटलं, पण नंतर आभार मानले. आणि ज्या माझ्या शिक्षक भगिनी बी.एड.नंतर काही करावं म्हणतात, त्यांनी मुंबईत मानखुर्दला असलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र एकदा बघावं. मुलं विज्ञान आणि गणित कसं शिकतात, यावर तिथे पीएच.डी. होते.

मुलीला एवढ्या लांब पाठवणं हा प्रश्न अर्थातच होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भाऊ स्वतः जाऊन वसतिगृह बघून आला. मेसचं जेवण, सहरीची सोय, रात्री दार किती वाजता बंद होतं, सगळं विचारून आला. विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही, भाचीनंच बजावलंय. परत आल्यावर तो एवढंच म्हणाला, "लायब्ररी आपल्या गल्लीएवढी आहे."

या शास्त्रात सगळं ठरलेलं आहे असंही समजू नका. हैदराबादला सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, २०१३ साली त्या प्रसिद्ध झाल्या. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा गाठत होता, आणि शाळेत न गेलेल्या लोकांतही हा फरक दिसत होता. हैदराबादेत तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी गल्लोगल्ली मिसळलेल्या, म्हणून तिथे हे बघता आलं. मी हे सगळ्या शाळेला सांगत सुटले. भाचीनं मला आवरलं. म्हणाली, दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो, असं दाखवणारे अभ्यास आहेत तसे तो फायदा न सापडलेलेही अनेक आहेत. वाद चालू आहे, फुफू, घाई नको. एका वर्षात पोर मला घाई नको म्हणायला शिकली.

उलट, हिफ्झच्या मदरशाबद्दल मीच तिला सांगितलं. तिथे रोज नवा सबक, त्याआधीच्या काही दिवसांचा सबकी पारा, आणि जुन्या पाठांतराची मंझिल, अशी तीन पदरी उजळणी असते, आणि प्रत्येक वेळी पुस्तक मिटून उस्तादांना ऐकवायचं असतं. अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते, हे एबिंगहाउसनं १८८५ साली जर्मनीत मोजायला सुरुवात केली होती. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगणं जास्त उपयोगी पडतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवलं. आपले हाफिजसाहेब हे कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय करत आले. मात्र त्याच मदरशात छडीही चालते. मुलं छडीमुळे शिकतात की उजळणीमुळे, हे कुणीतरी शांतपणे मोजून दाखवावं, असं मला फार वाटतं.

या रमजानमध्ये भाची दहा दिवस घरी आली होती. पुढच्या वर्षीच्या प्रबंधाचा विषय तिला सुचवायचा आहे. तिनं मला एक अभ्यास वाचायला दिला. रमेश मिश्रा आणि फाल्क ह्यूटिग यांनी सहकाऱ्यांसोबत अलाहाबादला केलेला, २०१२चा. चांगलं वाचता येणारे आणि फारसं वाचता न येणारे, दोघांनाही चित्रं दाखवून वाक्यं ऐकवली. वाचणाऱ्यांची नजर पुढचा शब्द बोलला जाण्याआधीच त्या चित्राकडे वळायची. न वाचणाऱ्यांची शब्द ऐकल्यावर वळायची. म्हणजे अक्षरओळखीनं नुसतं वाचणंच नाही, ऐकणंही बदलतं.

"मग दादी कुठे बसते?" भाची म्हणाली. जनगणनेच्या व्याख्येत साक्षर म्हणजे कोणत्याही भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारा. अम्मी पंचावन्न वर्षं रोज वाचतेय, पण समजून नाही, आणि लिहीत तर नाहीच. कागदावर ती निरक्षर. आपल्या घराघरांत अशा दाद्या-नान्या आहेत. त्यांची नजर वाचणाऱ्यासारखी पुढे धावते की न वाचणाऱ्यासारखी थांबते? भाचीला हाच विषय घ्यायचा आहे. तिचे सर म्हणाले, आधी वीस बायका तयार होतात का बघ.

इफ्तारनंतर ती वही घेऊन अम्मीजवळ बसली, मोहल्ल्यातल्या कोणकोण नाझिरा वाचतात त्यांची यादी करायला. अम्मीनं चौदा नावं सांगितली. मग चष्मा काढून पुसत विचारलं, "यंत्रासमोर बसायचं म्हणजे वझू करून बसायचं का?" भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कुराणाची ओळ वाचायला देणार असशील तर हो, ते आधी सरांना सांग. तिनं वहीत तेही लिहून घेतलं.